अमरनाथचं आरोग्य प्रमाणपत्र कुठं अडतं, आणि ‘पाय सुजला होता’ हे का लिहायचं

एप्रिल लागला की आमच्या तालुक्याच्या बँकेत अमरनाथ यात्रेची नोंदणी करायला लोक फायली घेऊन येतात, आणि त्यातले बरेच तसेच परत जातात. वय १३ ते ७० हवं, सहा आठवड्यांहून जास्त गरोदर बाईला परवानगी नाही, आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळलं पाहिजे, इतकं सगळ्यांना माहीत असतं. घोडं अडतं ते आरोग्य प्रमाणपत्रावर.

पहिली अडचण तारखेची. यात्रा चालवणारं श्राइन बोर्ड दरवर्षी एक दिवस ठरवून देतं आणि त्याआधी काढलेलं प्रमाणपत्र चालत नाही. २०२५ मध्ये तो दिवस ८ एप्रिल होता. गर्दी टाळायची म्हणून मार्चमध्येच सही घेऊन ठेवणारे हुशार लोक नेमके इथंच फसतात. गेल्या वर्षीचं तर दाखवूच नका.

दुसरी अडचण डॉक्टरची. सही बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या राज्यवार यादीतल्याच डॉक्टरची किंवा दवाखान्याची लागते. गावातले डॉक्टर तुम्हाला वीस वर्षं ओळखत असतील, पण यादीत नसतील तर त्यांचा शिक्का बिनकामाचा. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. एवढं जाऊन ‘साहेब आज शिबिराले गेले’ ऐकायचं नसेल तर आदल्या दिवशी फोन करा. एका सहीसाठी शेतकऱ्याचे दोन दिवस जातात, याचं कुणाला काही वाटत नाही.

आता खरी गोष्ट. अर्जात आधीचे आजार लिहायचे असतात. मागे एका काकांचा फॉर्म मी भरत होतो. दोन वर्षांपूर्वी पायाला प्लास्टर होतं, नंतर पोटरी सुजली, शिरेत रक्ताची गाठ निघाली, सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतल्या. काकांनी माझा हात धरला, “ते लिहू नोको ना भाऊ, मंग सही कोन देईन?”

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, आपला चिखलदरा अकराशेच्या आसपास, आणि अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर. तिथं श्वासागणिक मिळणारा प्राणवायू सपाटीच्या साठ-पासष्ट टक्केच. कोरड्या थंड हवेत धापा टाकताना अंगातलं पाणी उडतं, थंडीमुळे तहान लागत नाही, लघवीला जायची पंचाईत म्हणून बायका तर पाणीच पीत नाहीत. रक्त दाटतं. त्याआधी रेल्वेत एक दिवसाहून जास्त पाय लोंबकळत बसलेलो असतो. धडधाकट माणसाला चार दिवसांच्या यात्रेत गाठीचा धोका फार नाही. पण आधी गाठ झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचा उपचार चालू असलेला, या माणसांचं गणित वेगळं. त्यांनी गाठ निघाली तेव्हाचा डॉपलर सोनोग्राफीचा (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावं. हा कागद कुणाकडेच नसतो. दवाखान्यातून दुसरी प्रत मागा. वॉरफरीन ही रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर निघण्याआधी आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ती चाचणी, करून घ्या. आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ‘रक्त पातळ’ची गोळी सुरू करू नका.

बायकांसाठी एक गोष्ट, जी फॉर्मवर कुणी विचारत नाही. यात्रेत पाळी नको म्हणून मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यानं गाठीचा धोका वाढतो. आधी गाठ झाली असेल, किंवा आईला-बहिणीला झाली असेल, तर ही गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच.

आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. रुग्णानं एवढ्या उंचीवर जाण्याचा विचार त्याच्या डॉक्टरशिवाय करूच नये. वाहक, म्हणजे ज्याच्यात आई-बापापैकी एकाकडूनच तो दोष आला, तो तर स्वतःला निरोगीच समजतो, पण उंचीवर त्याच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कार्ड मिळालं असेल तर ते पेटीतून काढून डॉक्टरपुढं ठेवा.

वर गेल्यावर धाप सगळ्यांनाच लागते, म्हणून पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली तरी ओळखू येत नाही. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, किंवा बसल्या जागी छातीत कळ येऊन दम कोंडला, थुंकीत रक्त दिसलं, तर ‘उंचीचा त्रास’ म्हणून तंबूत पडून राहू नका. वाटेवरच्या वैद्यकीय केंद्रात जा.

काकांचं आम्ही लिहिलं. डॉक्टरांनी सही दिली नाही, आधी सोनोग्राफी करा म्हणाले. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ज्यांना परवाना मिळाला त्यांनी त्यावरचा मार्ग आणि दिवस नीट वाचावा. गुहेकडे जायचे पहलगाम आणि बालटाल असे दोन मार्ग आहेत, आणि पहलगामचा परवाना बालटालला चालत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये पोचल्यावर आधार दाखवून आरएफआयडी कार्ड, म्हणजे यात्रेकरूची नोंद ठेवणारं चिपचं ओळखपत्र, घ्यावं लागतं. ते गळ्यात नसेल तर चंदनवाडी (पहलगाम मार्ग) किंवा दोमेलच्या (बालटाल मार्ग) फाटकातून पुढं सोडत नाहीत.