वकिलाचे मौन आणि पत्रकाराचे मौन

साक्षीदार म्हणून बोलावलेला वकील आणि तसाच बोलावलेला पत्रकार, दोघेही ‘हे मी सांगणार नाही’ असे म्हणतात, त्यामुळे दोघांच्या नकारामागे एकच हक्क आहे असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोघे झाकतात ती गोष्टच निराळी आहे. अशिलाचे नाव बहुधा वकीलपत्रावरच असते आणि गुप्त राहते ते त्याने वकिलाला विश्वासाने सांगितलेले. पत्रकाराच्या बाबतीत सांगितलेले जगजाहीर झालेले असते आणि गुप्त राहायला हवे असते ते सांगणाऱ्याचे नाव.

वकिलाचे मौन कायद्यानेच बांधून दिलेले आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 नुसार अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला त्याचे म्हणणे उघड करता येत नाही. बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी झालेले बोलणे मात्र या संरक्षणाबाहेर राहते.

पत्रकारासाठी त्या अधिनियमात असे कलम नाही. प्रेस कौन्सिल अधिनियम, 1978 चे कलम 15(2) पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती करू देत नाही, पण ते प्रेस कौन्सिलपुढील कामकाजापुरतेच आहे आणि न्यायालयात त्याचा आधार मिळत नाही, ही बाब अनेक पत्रकारांनाही ठाऊक नसते. विधी आयोगाने 1983 मध्ये आपल्या 93 व्या अहवालात पुरावा कायद्यात यासाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती. ती कायद्यात आली नाही, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबाबतच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट असल्याचे म्हटले, तरी साक्ष देताना नाव सांगण्यास नकार देण्याचा निरपवाद हक्क त्यातून मिळत नाही.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने गुडविन खटल्यात 1996 मध्ये असे ठरवले की सर्वांवर मात करणारे सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय स्रोत उघड करण्याचा आदेश समर्थनीय ठरत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1972 च्या ब्रॅन्झबर्ग खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, ग्रँड ज्युरीपुढे (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) साक्ष टाळण्याचा घटनात्मक हक्क पत्रकारांना नाकारला.

संमतीचा प्रश्नही दोन्हीकडे सारखा नाही. अशिलाने मोकळीक दिली की ते गुपित राखण्याचे कारणच उरत नाही. पत्रकाराला मात्र ती संमती खरोखर स्वेच्छेची आहे का हे तपासावे लागते, कारण सरकारी नोकरीतल्या माणसाकडून वरिष्ठांच्या दबावाखाली सही घेतली जाऊ शकते. अमेरिकी पत्रकार ज्युडिथ मिलर 2005 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल 85 दिवस तुरुंगात राहिल्या त्या याच मुद्द्यावर: त्यांच्या स्रोताने सर्वसाधारण संमतीपत्रावर सही केलेली होती, तरी त्याच्याकडून थेट खात्री मिळेपर्यंत त्यांनी साक्ष दिली नाही.