शालेय स्वनिर्णय (बेळगाव सीमाभाग)

आपल्या मुलांनी कोणत्या भाषेत, काय आणि कोणाकडून शिकावे, हे समाजाने स्वतः ठरवण्याचा हक्क. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातील १४ वे कलम आदिवासी जनसमूहांना आपल्या भाषेत शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मराठी भाषक त्या अर्थाने आदिवासी नव्हेत. त्यांचा आधार भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यघटनेत असलेली २९, ३० आणि ३५०-अ ही कलमे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. मराठी शाळा जागच्या जागी राहिल्या, पण त्यांचे शिक्षण खाते दुसऱ्या राज्याचे झाले. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, हे १९४९ मध्येच ठरले होते. तरीही शाळांत कन्नडचे स्थान काय असावे हे सुचवणाऱ्या गोकाक समितीच्या अहवालानंतर १९८२ च्या आदेशाने माध्यमिक शाळांत कन्नड ही एकमेव प्रथम भाषा ठरवली गेली. तो आदेश उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार सरकारचा नसून मुलांचा, म्हणजेच त्यांच्या वतीने पालकांचा, असे म्हटले. सीमाभागातला खरा पेच इथे आहे. ज्या तत्त्वाने कन्नडची सक्ती अडते, त्याच तत्त्वाने पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतो आणि मराठी शाळेचा पट घटतो.

माध्यम आपले असले तरी अभ्यासक्रम राज्याचा आहे. मराठी पाठ्यपुस्तकेही कर्नाटक सरकारच काढते. गावाच्या हाती उरते ती २००१ पासूनची शाळा सुधारणा समिती, म्हणजे बोलीतली एसडीएमसी. खात्याचे परिपत्रक कन्नडमधून येते, गुरुजी ते मराठीत समजावून सांगतात, मग सभासद ठराव करून सह्या करतात. वर्गखोलीची दुरुस्ती, माध्यान्ह आहारावर देखरेख, जूनमध्ये घरोघरी फिरून पट वाढवणे, हे समिती करू शकते. शिक्षक नेमणे तिच्या हाती नाही. मराठी शिक्षक निवृत्त झाला की अतिथी शिक्षकावर भागते, आणि एकाच खोलीत तिसरीला गणित चालू असताना पहिली बाराखडी गिरवत बसते. हक्क कागदावर शाबूत राहूनही शाळा खचते ती अशी.

खानापूरच्या जंगलातल्या गवळी धनगरांच्या वाड्यांवर हे आणखी बिकट आहे. तिथे माध्यमाच्या आधी प्रश्न येतो तो पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत पोचण्याचा.