नाळेवरचा ताण: लाकडी कॅटामरान आणि सोलापूरचं ऊन

कॅटामरान या शिडाच्या होडीला दोन अंगं असतात आणि मधे मोकळी जागा. डोलकाठी उभी राहते ती या मोकळ्या जागेवर टाकलेल्या तुळईवर, आणि तिला पुढून धरणारी तार बांधायला समोर लाकूडच नसतं. म्हणून तारेचा ओढा दोन फाकलेल्या दोरांनी दोन्ही नाळांवर, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या टोकांवर नेतात. उजनीच्या फुगवट्यावर शिडाची होडी घालायची म्हणून सोलापुरात प्लाय कापायला घेणाऱ्या हौशी माणसाने आधी या दोन टोकांचा हिशोब मांडावा, असं मला मनापासून वाटतं.

हिशोब कोनाचा आहे. तारेत ३०० किलोचा ताण धरू. दोन दोरांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक दोरात साधारण १७३ किलो येतात. कोन १२० केला की प्रत्येकात पुरे ३००. आणखी सपाट करून १५० अंशांवर नेलं तर प्रत्येकी जवळपास ५८०! वारा तोच, तार तीच. बदलला तो कोन. शिवाय हे दोर दोन्ही नाळांना एकमेकींकडे खेचतात, तो दाब पेलायला मधे आडवी नळी किंवा तुळई लागतेच.

दोर अडकतो स्टीलच्या पट्टीत आणि पट्टी बोल्टने आवळलेली असते. स्टील सहसा टिकतं, हार मानतं ते त्यामागचं लाकूड. ८ मिलिमीटर बोल्टखालचा नेहमीचा वॉशर १६ मिलिमीटर व्यासाचा. भोक वजा जाता लाकडाला टेकणारी जागा उरते जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. बोल्टवर सरळ ३०० किलोचा ओढा आला की दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो दाब पडतो. मऊ लाकूड तंतूंना आडवं दाबलं तर याच्या निम्म्यालाही चेपतं. वॉशर आत रुततो, नट सैल पडतो, पट्टी हलायला लागते. त्याच बोल्टखाली आतून ८ बाय ८ सेंटिमीटरची पाटी घातली तर दाब ५ किलोच्या आत येतो. पाटी जाड हवी. वाकली की भार पुन्हा मधल्या तेवढ्याच जागेवर गोळा होतो.

पुढची गोष्ट सोलापूरकरांच्या हातालाच कळेल. चादर ताण्याच्या दिशेने ओढा, बाण्याच्या दिशेने ओढा, ती दाद देत नाही. समोरासमोरचे कोपरे धरून तिरकी ओढा, लगेच ताणते. नाळेला बळकटी द्यायला तिच्यावर चिकटवतात ते फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्यांचं, कापडही विणलेलंच. नाळेवर ओढा तिरकाही येतो, म्हणून एक थर सरळ आणि एक ४५ अंशांत घालतात. प्रत्येक पुढचा थर दोन बोटं जास्त पसरवावा. सगळ्या कडा एकाच रेषेत संपल्या तर ताण तिथेच साचतो.

भोकाच्या कामाला चिकाटी लागते. प्लायला भोक पाडलं की लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात, आणि लाकूड सगळ्यात वेगाने पाणी पितं ते याच तोंडांनी. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून ८ च्या बोल्टसाठी आधी १४ चं भोक पाडायचं, ते दाट केलेल्या इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवल्यावर कडक होणाऱ्या राळेने, भरायचं आणि पुरतं कडक झाल्यावर मधोमध पुन्हा ८ चं पाडायचं. बोल्टभोवती ३ मिलिमीटरची, पाणी न पिणारी भिंत तयार होते.

याच इपॉक्सीला इथलं ऊन मात्र सोसत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तापमान १० अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते, आणि घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडते. खोल डब्यात भरपूर कालवली तर धूर निघेपर्यंत तापते. पसरट ताटलीत, थोडी थोडी, पहाटे कालवावी. कडक झाल्यावरही साधी इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, आणि गडद रंगाचं लाकूड दुपारी तेवढं सहज तापतं. तेव्हा नाळेला पांढराच रंग द्या, गडद निळा कितीही देखणा दिसला तरी. आणि होडी काठावर उन्हात उभी असेल तेव्हा पुढच्या तारेचा ताण उतरवून ठेवा. मऊ पडलेल्या इपॉक्सीवर आवळलेला बोल्ट हळूहळू बसत जातो आणि सैल होतो.