नळीवरच्या कमानीला तडा जातो तेव्हा

अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे लायगोच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारे गुरुत्वाकर्षणाचे तरंग, टिपणाऱ्या वेधशाळा आहेत. त्यांच्या ४ किलोमीटर लांब भुजांकडे पाहिलं की दिसते ती काँक्रीटची कमान. खरं यंत्र तिच्या आत असतं: सुमारे १.२ मीटर व्यासाची, जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची निर्वात (आतली हवा काढून टाकलेली) नळी. निर्वात पोकळी राखायचं काम स्टीलचं, काँक्रीट नुसतं छत्र. म्हणून कमानीला तडा गेला की लगेच निर्वातता जात नाही. विचारायचं ते एवढंच, की या भेगेतून स्टीलपर्यंत काय पोहोचणार आहे?

भेग किती रुंद आहे यापेक्षा ती हलते आहे का, हे आधी पाहावं. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर प्रसरण पावतं. तीन मीटरचा तुकडा धरला आणि उन्हाळा-हिवाळ्यात ४० अंशांचा फरक पडला, तर लांबीत १.२ मिलिमीटरचा बदल होतो. तुकड्यांमधल्या सांध्याला ही हालचाल सामावून घेता आली नाही, तर काँक्रीट स्वतःच शेजारी नवा सांधा पाडून घेतं. म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक मोजपट्टी चिकटवून वर्षभर नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक नोंदीसोबत काँक्रीटचं तापमानही लिहावं. तापमानाशिवायच्या नोंदीवरून भेग खरंच वाढतेय की फक्त ऊन लागलंय, हे कळत नाही.

भेगेची जागाही बोलकी असते. कमानीच्या माथ्याला आतल्या बाजूने लांबीभर भेग उघडली असेल, तर पाय बाहेर सरकताहेत का ते पाहावं. तसं असेल तर माथ्यात कितीही इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रसायन) भरलं तरी भेग शेजारी परत येते. इलाज पायाशी करावा लागतो. भेगेच्या कडेला तांबूस डाग असतील आणि हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आत सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचं आवरण उचकटून काढतो. नुकत्याच फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्क ओळखणारं रसायन) शिंपडावं. गुलाबी रंग आला तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, आणि हीच अल्कधर्मिता सळईला गंजापासून जपते. सळईभोवती रंग आलाच नाही, तर तिचं संरक्षण संपलेलं आहे.

सुटू पाहणारा तुकडा नळीवर पडू नये, ही पहिली काळजी. टेकू जमिनीवरच उभारायचे, नळीवर किंवा तिच्या आधारांवर भार नाही. नळीवर जाड आच्छादन हवं.

न हलणाऱ्या भेगेत इपॉक्सी दाबाने भरतात. भेग साफ करून पृष्ठभाग सील करतात आणि भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर तोट्या बसवतात. उभ्या भेगेत खालून सुरुवात करायची आणि वरच्या तोटीतून इपॉक्सी बाहेर आलं की खालची बंद करायची. उलटं केलं तर मध्ये हवा अडकते. हलत्या भेगेत इपॉक्सी भरणं म्हणजे पैसे वाया. भेग शेजारून पुन्हा फुटते. तिथे खाच पाडून, तळाशी फोमची दोरी बसवून वर लवचीक सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लेप) भरावं. दोरीमुळे सीलंट फक्त दोन कडांनाच चिकटतं. तळालाही चिकटलं तर ताणताना फाटतं.

काँक्रीट धुवायला हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र आत नेऊच नये. बंद बोगद्यात त्याच्या वाफेतलं क्लोराइड स्टीलवर बसलं की बारीक खड्डे पाडू लागतं, आणि ३ मिलिमीटर म्हणजे फार काही जाडी नव्हे. ठोकाठोकी, ड्रिलिंग वेधशाळा निरीक्षण करत नसताना उरकायचं, कारण कंपनं थेट वेधशाळेच्या मोजमापात उतरतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाच्या भुजाही ४ किलोमीटरच्याच आहेत. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा मातीवर थेट टेकलेला पाया वर्षातून दोनदा हलतो, म्हणून तिथे भेगांची तपासणी पायाखालून सुरू करायला हवी: मातीचा थर किती खोल आहे, खालचा बेसॉल्ट कुठे लागतो आणि पावसाचं पाणी कमानीच्या कडेला साचतं की चरातून निघून जातं.