तांबूस बिअर जर्मनीत कुठून आली?

परवा ताराबाई पार्कात मित्राकडे ‘जर्मन पद्धतीची रेड एल’ असं लेबल असलेली बाटली उघडली. ब्रुअरीचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. उजेडात धरल्यावर रंग स्वच्छ तांबूस, फेस किंचित पिवळट, वास पावाच्या भाजलेल्या कडेचा. अशी बिअर समजून घ्यायची तर तिच्या मागचा इतिहास माहीत हवा, आणि तो फार सुंदर आहे.

एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार: एलचं यीस्ट वर तरंगतं, लागरचं तळाशी बसतं. जर्मन बिअर म्हटलं की पिवळीधमक लागर डोळ्यांसमोर येते, पण ती तशी अलीकडची. रंग ठरतो माल्टवर. जवाला मोड आणायचे आणि भट्टीत वाळवायचे. पूर्वी लाकडाचा धूर थेट दाण्यात शिरायचा, म्हणून माल्ट गडद आणि धुरकट व्हायचं. जर्मनीतल्या बांबेर्गला तशी धुरकट बिअर आजही मिळते. धूर न लागता गरम हवेवर वाळवणं जमलं, तेव्हा रंग हातात आला: 80-85 अंशांवर फिकट माल्ट, 100 च्या आसपास तांबूस म्युनिक माल्ट. गुऱ्हाळात काहिलीखालचा जाळ वाढला की गूळ काळपट होतो, तसंच हे. 1841 साली व्हिएन्नात अँटन ड्रेहरने तांबूस लागर काढली, आणि पुढच्याच वर्षी पिल्सेनमध्ये योसेफ ग्रोलने सोनेरी. त्या सोनेरीने हळूहळू सगळा बाजार खाल्ला.

मग लाल एल टिकली कुठे? ऱ्हाइनकाठी, ड्युसेलडॉर्फमध्ये. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाने 1516 साली बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच चालेल असं ठरवलं, आणि 1553 पासून उन्हाळ्यात बिअर बनवायलाच बंदी घातली. त्यामुळे तिथे थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टची लागर रुजली. ऱ्हाइनकाठचे लोक मात्र वर तरंगणाऱ्या यीस्टलाच धरून राहिले. त्यांची तांबूस आल्टबिअर, म्हणजे आल्ट, एलसारखी आंबते आणि नंतर काही आठवडे लागरसारखी थंडीत मुरते. म्हणूनच ती एल असूनही इतकी स्वच्छ आणि कोरडी लागते. 1838 ची शुमाखर आणि 1862 ची युरिगे या तिथल्या ब्रुअऱ्या आजही चालू आहेत.

न्यूरेंबर्गचीही लाल बिअर आहे, पण ती लागर. त्यामुळे लेबलवर ‘जर्मन’, ‘रेड’ आणि ‘एल’ हे तिन्ही शब्द असले, तर माझ्या मते मोजमाप आल्टचंच लावावं.

आपल्याकडे हा धागा तसा नवा नाही. पुण्यात 2009 साली डूलॅली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली ती एका जर्मन ब्रूमास्टरच्या साथीनेच.

आमच्या बाटलीत माल्ट उत्तम होतं, पण शेवट आल्टपेक्षा गोडसर, कॅरॅमलकडे झुकलेला. तिखटाने हॉप्सचा कडवटपणा अंगावर येतो, म्हणून तांबडा रस्सा बाजूला ठेवून पांढऱ्या रश्श्याबरोबर घेतली, आणि तिथे ती फार छान जुळली.