शेजारी कोण चालेल? मनातलं मोजायचं कसं

समजा, राज्यशास्त्रात पीएचडी करणारी एक मुलगी नाशिकच्या इंदिरानगरात घरोघर फिरते आहे. प्रश्न साधा : "शेजारच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या धर्माचं कुटुंब आलं तर चालेल का?" काकू आधी विचारतात, "आडनाव काय गं तुझं?" मग म्हणतात, "आम्हाला काही नाही बाई, सोसायटीवाले ऐकत नाहीत."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं? काकू खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण समोर कोण बसलंय आणि आतून कोण ऐकतंय, यावर उत्तर बदलतं. चारचौघांत शोभेल तेच तोंडून निघतं. म्हणूनच विचारणाऱ्याचं आडनावही नोंदवून ठेवावं लागतं.

यावर एक युक्ती आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत काही गोऱ्या लोकांना तीन गोष्टी वाचून दाखवल्या : पेट्रोलवरचा वाढता कर, खेळाडूंचे कोट्यवधींचे पगार, कंपन्यांचं प्रदूषण. इतरांना याच तीन आणि चौथी, शेजारी राहायला आलेलं कृष्णवर्णीय कुटुंब. कशाचा राग येतो ते सांगायचं नाही, किती गोष्टींचा येतो एवढाच आकडा सांगायचा. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले असतात, त्यामुळे सरासरीतला फरक चौथ्या गोष्टीचाच. पहिल्या गटाची सरासरी २.० आणि दुसऱ्याची २.३ आली, तर सुमारे ३० टक्के लोकांना ते कुटुंब खुपतं. नेमकं कोणाला, हे संशोधकालाही कळत नाही. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांत असा राग बराच निघाला.

बदल मोजणं त्याहून अवघड. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधल्या लग्नांना पसंती देणारे अमेरिकन, गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांत, १९५८मध्ये ४ टक्के होते, २०२१मध्ये ९४ टक्के. यात माणसं बदलली किती आणि जुनी पिढी जाऊन नवी आली किती, हे जन्मसालानुसार गट पाडल्याशिवाय कळत नाही. तरी उघड बोलायची लाज वाटू लागणं हाही मला खराच बदल वाटतो. काळाराम मंदिराच्या दारात १९३०मध्ये सत्याग्रह झाला, तेव्हा प्रवेश नाकारणाऱ्यांना ती लाज नव्हती.

शब्दांवर न विसंबता वागणूकही तपासता येते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी नोकऱ्यांसाठी सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हीच पद्धत नाशिकमधल्या भाड्याच्या फ्लॅटच्या जाहिरातींना लावली, तर काकूंचं म्हणणं आणि सोसायटीवाल्यांचं वागणं शेजारी-शेजारी मांडून पाहता येईल.