पिपच्या पैशाचं मूळ

चार्ल्स डिकन्स यांच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीच्या नावाचं मराठी आपण सहज 'मोठ्या अपेक्षा' असं करतो आणि तिथेच त्यातला अर्धा अर्थ निसटतो. त्या काळच्या इंग्रजीत एखाद्या तरुणाला 'एक्स्पेक्टेशन्स' आहेत म्हणजे पुढेमागे त्याला कुणाची तरी इस्टेट मिळायची आहे. हा शब्द वकिलाच्या दप्तरातलाही आहे. लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी करणाऱ्या पिपला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, ही बातमी द्यायला लंडनहून येतो तोही वकीलच, जॅगर्स. पैसा कोण देतंय ते विचारायचं नाही, ही अट. त्या पैशाचा माग काढला की कादंबरीमागचा इंग्लंड दिसू लागतो. (पुढे रहस्य फुटणार आहे, ते राखायचं असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी.)

चार्ल्स डिकन्स यांनी ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून आपल्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात छापायला घेतली. चार्ल्स लेव्हर यांची चालू कादंबरी वाचकांना रुचत नव्हती, खप घसरत होता, म्हणून डिकन्स स्वतः पुढे सरसावले. ऑगस्ट १८६१ पर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ३६ हप्ते झाले. आदल्याच वर्षी, १८५९ मध्ये, सॅम्युअल स्माइल्स यांचं 'सेल्फ-हेल्प' आलं होतं. कष्ट करा, वर या, असं सांगणाऱ्या त्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण खरा 'जंटलमन' कोण यावर आहे. तो प्रश्न तेव्हा घरोघरी होता. कारखानदारीतून आलेला पैसा जुन्या जमीनदारांच्या शेजारी जाऊन बसत होता, आणि बोलणं, कपडे, जेवायच्या रीती यांवरून माणूस जोखला जात होता.

ही जोखणी डिकन्स एका पत्त्यांच्या डावात दाखवतात. मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईच्या अंधाऱ्या वाड्यात पिप आणि तिने सांभाळलेली एस्टेला जो डाव मांडतात तो आपल्या भिकार-सावकाराच्या कुळातला. खेळता खेळता एस्टेला तुच्छतेने म्हणते की हा मुलगा 'नेव्ह'ला 'जॅक' म्हणतो! आपल्याकडे गुलाम तो गुलामच. तिथे मात्र एका पत्त्याच्या नावावरून पोराचं घर ओळखलं गेलं. मग ती त्याच्या खरबरीत हातांना आणि जाड बुटांना हसते. 'जॅक' हा शब्द त्याला शिकवला होता त्याचे लोहार भावोजी 'जो' यांनी, ज्यांच्याइतकं प्रेम त्याच्यावर कुणीच केलं नव्हतं. त्या दिवसापासून पिपला आपल्या हातांबरोबर जोचीही लाज वाटू लागते. तिथे आलं की मी दर वेळी थांबतो.

ही लाज डिकन्स यांच्या ओळखीची होती. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचे चार्ल्स टेम्सकाठच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर बरण्यांवर कागद बांधत, लेबलं डकवत बसले. हे त्यांनी जॉन फॉर्स्टर या मित्राजवळ बोलून दाखवलं. जगाला ते कळलं डिकन्स यांच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून. १८६१ च्या वाचकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याआधीचं त्यांचं बालपण गेलं मेडवे नदीकाठच्या चॅटममध्ये. वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. नदीत डोलकाठ्या उतरवलेली जुनी लढाऊ जहाजं नांगरलेली असत, त्यांना 'हल्क' म्हणत, आणि त्यांत कैदी कोंडलेले असत. अमेरिकेतल्या वसाहतींनी बंड केल्यावर गुन्हेगार तिकडे पाठवता येईनात, म्हणून १७७६ मध्ये ही तात्पुरती सोय काढली. ती १८५७ पर्यंत चालली. दरम्यान १७८८ पासून कैद्यांची रवानगी ऑस्ट्रेलियात होऊ लागली. एकूण दीड लाखाहून जास्त माणसं तिकडे नेली गेली. कादंबरीच्या आरंभी दलदलीतल्या स्मशानात पिपसमोर उभा ठाकणारा मॅग्विच अशाच हल्कमधून पळालेला कैदी आहे. पिप त्याला चोरून खायला आणून देतो, आणि ते तो विसरत नाही.

पुढे त्याला ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये धाडतात आणि तिथे तो मेंढ्या पाळून गबर होतो. शिक्षा भोगून झालेल्या कैद्यांनी तिथे पैसा केल्याची खरी उदाहरणं आहेत. समाज मात्र त्यांना जवळ करत नसे. मॅग्विच सांगतो, की तिथल्या बड्या लोकांचे उमदे घोडे अंगावर धूळ उडवत जायचे, तेव्हा मी मनात म्हणायचो, तुमच्याहून सरस जंटलमन मी घडवतोय! तो जंटलमन म्हणजे पिप. ज्या पैशाला आपण मिस हॅविशॅमचा समजत होतो तो एका कैद्याच्या घामाचा, हे कळल्यावर पिपला शिसारी येते.

इथे कायदा गोष्टीत शिरतो. जन्मठेपेवर धाडलेल्या कैद्याने इंग्लंडात परत पाऊल ठेवलं तर फाशी, हा नियम १८३४ पर्यंत होता, आणि कथा त्याआधीची आहे. मॅग्विच फक्त पिपला डोळे भरून पाहायला येतो आणि पकडला जातो. ३२ जणांना एकदमच फाशीची शिक्षा सुनावली जाते, त्यांत तोही असतो. फाशीआधीच तुरुंगातल्या खाटेवर तो मरतो, पिपच्या हातात हात देऊन. दोषी ठरलेल्याची मालमत्ता राजाच्या खजिन्यात जमा होत असे, म्हणून पिपच्या हाती छदामही उरत नाही, आणि पोटासाठी तो कैरोला जाऊन कारकुनी करतो. मालमत्ता जप्त करण्याची ती तरतूद पार्लमेंटने १८७० साली काढून टाकली. डिकन्स त्याच वर्षी वारले.